प्रवाळाच्या हातभर वर

पहिला दिवस

अंदमानहून परतीचं विमान सातव्या दिवशी सकाळी होतं, म्हणून शेवटची डाईव्ह, म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर लावून समुद्रात मारायची बुडी, पाचव्या दिवशी. हा हिशोब मी घरूनच करून निघाले होते. खोल पाण्यात, दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघायच्या आत विमानात, म्हणजे आणखी कमी दाबात जाऊन बसलं, तर सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावेत तसे बुडबुडे अंगातच होऊ लागतात. सलग काही दिवस डाईव्ह केल्या असतील तर विमानाआधी निदान १८ तास थांबायचं असतं. आम्ही अख्खा दिवस राखून ठेवला होता. तो सेल्युलर जेलमध्ये गेला, आणि त्याबद्दल वेगळं लिहायला हवं. इथे दोन ओळींत उरकणं मला जमणार नाही.

सोबत माझी भाची होती. पाण्याखाली प्रत्येकाला एक जोडीदार असतो, त्याला बडी म्हणतात. हवा संपत आली, काही अडकलं, घाबरायला झालं, तर आधी त्याच्याकडे वळायचं. आम्ही दोघी एकमेकींच्या बडी. दोघींकडे अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सचं कार्ड आहे, म्हणजे ३० मीटरपर्यंत जाता येतं. पण मध्ये तिच्या परीक्षा आल्या, माझं घर बदलणं आलं, आणि शेवटची डाईव्ह होऊन तीन वर्षं उलटली होती.

पोर्ट ब्लेअर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं आणि हॅवलॉक २०१८ मध्ये स्वराज द्वीप, तरी जेट्टीवर आमच्या कानावर जुनीच नावं पडत होती. दुपारच्या हॅवलॉकच्या फेरीबोटीत खिडकीची जागा मिळाली. बेट जवळ यायला लागलं तसा गडद निळा रंग फिकट हिरव्यात बदलला आणि त्या हिरव्यात तपकिरी डाग दिसायला लागले. भाची म्हणाली, "मावशी, शेवाळ आहे का ते?" शेवाळ नव्हतं. ज्यासाठी आलो होतो तेच होतं.

संध्याकाळी डाईव्ह सेंटरवर जाऊन मास्क, पायात घालायचे फिन्स आणि वेटसूट मापाने निवडून ठेवले. पावणेसहाला सूर्य बुडालासुद्धा.

दुसरा दिवस

इतक्या दिवसांनी पाण्यात उतरणाऱ्याला आधी उजळणी करावी लागते आणि ती करावीच. नेमो रीफ या प्रवाळांच्या खडकावर किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरता येतं, खोलीही बेताची. गुडघ्यांवर बसून मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरायचं आणि नाकाने हवा सोडून ते बाहेर काढायचं. सिलिंडरची हवा देणारा तोंडातला रेग्युलेटर काढून टाकायचा आणि पुन्हा शोधून लावायचा. बडीच्या राखीव रेग्युलेटरवर श्वास घ्यायचा. हातांना सगळं आठवत होतं. डोक्याला थोडा वेळ लागला.

जे विसरले होते ते तरंगणं. पाण्यात माणूस फुप्फुसांनी वर-खाली होतो. खोल श्वास घेतला की छाती फुगते आणि दोन-तीन सेकंदांनी अंग वर चढायला लागतं. सोडला की तसंच सावकाश खाली येतं. त्या दोन-तीन सेकंदांतच सगळी गोम आहे. नवखा माणूस श्वास घेतो, लगेच काही होत नाही म्हणून आणखी घेतो, मग एकदम वर उचलला जातो, घाबरून सगळी हवा सोडतो आणि दगडासारखा खाली जातो. श्वास रोखून धरणं हा उपाय नाही. श्वास कधीच रोखायचा नाही, हा पहिल्या धड्यातला पहिला नियम, कारण वर येताना दाब कमी होतो आणि कोंडलेली हवा फुप्फुसात फुगत जाते. १० मीटरवरची फुप्फुसभर हवा पृष्ठभागावर दुप्पट होते. त्यामुळे श्वास चालू ठेवूनच, त्याच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला थोडं जास्त रेंगाळत, तोल साधायचा.

मी कमरेला आठ किलो वजन लावून घेतलं होतं. बुडायची खात्री असावी म्हणून. इन्स्ट्रक्टरने दोन किलो काढून घेतलं आणि म्हणाला, "जास्त वजन लावलं की ते सावरायला अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये जास्त हवा भरता, आणि मग ती हवा तुम्हाला नाचवते." खरंच होतं. सहा किलोवर मी बरी स्थिरावले.

उजळणी संपल्यावर थोडा वेळ रीफवर फिरलो. पाण्याखाली शांतता असते असं लोक म्हणतात, पण रीफ शांत नसतो. तापलेल्या तेलात मोहरी तडतडावी तसा बारीक, अखंड आवाज चारी बाजूंनी येत असतो. नेमका कुठून, ते कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि दोन्ही कानांत जवळजवळ एकदमच पोचतो. मेंदूला दिशा ठरवायला फरकच मिळत नाही.

एका समुद्रफुलाशी आम्ही थांबलो. त्याच्या डंख मारणाऱ्या बोटांमध्ये क्लाउनफिशचं कुटुंब होतं, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. त्यातली सगळ्यात मोठी ती मादी. ती मेली तर तिचा नर मादी होतो आणि पिल्लांतला मोठा नराची जागा घेतो. ही मादी माझ्या बोटाएवढी असेल, पण मी जवळ जाताच मास्कच्या काचेपर्यंत आली आणि हटेना. मीच मागे सरले.

तिसरा दिवस

या दिवसाबद्दल लिहायचं म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं.

सकाळी बोटीने अ‍ॅक्वेरियम नावाच्या साइटवर गेलो. उथळात प्रवाळांची दाटी आणि पुढे वाळूचा उतार हळूहळू खोल गेलेला. पाणी स्वच्छ होतं. बोटीच्या कडेवरून पाठमोरं पाण्यात पडलो, एकमेकींना ठीक असल्याची खूण केली, कान मोकळे करत खाली गेलो.

प्रवाळ म्हटलं की डोळ्यांपुढे दगड येतो किंवा अंगठीतलं पोवळं. पण हा प्राणी आहे. समुद्रफुलाचा आणि जेलीफिशचा भाऊबंद. एकेक जीव काही मिलिमीटरचा, तोंडाभोवती बारीक बोटांचं कडं, आणि खाली स्वतःच्याच अंगातून गाळलेल्या चुन्याची वाटी. अशा हजारो वाट्या एकमेकींना चिकटून एक वसाहत होते. त्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग मुख्यतः या शैवालाचाच. गोल, टेकडीसारखे पोराइटीस प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. आम्ही एकाला वळसा घातला तो चारचाकी गाडीएवढा होता. त्याच्या वयाचा अंदाज करत मी त्याच्या कडेने किती वेळ पोहत राहिले कोण जाणे.

तिसाव्या मिनिटाच्या आसपास एका कपारीत लायनफिश दिसला. पिसाऱ्यासारखे पर पसरून उलटा, कपारीच्या छताला पोट लावून तरंगत होता. त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं, म्हणून अंतर राखून मी वाकून बघायला लागले. वाकले म्हणजे डोकं पुढे गेलं आणि पाय खाली. एक हलका प्रवाह मागून आला, तो सावरायला मी फिन मारला.

"कट."

आवाज डोळ्यांसमोरच झाल्यासारखा ऐकू आला आणि त्याच वेळी फिनमधून पायाच्या बोटांपर्यंत जाणवला. वळून पाहिलं तर फांद्याफांद्यांच्या स्टॅगहॉर्न प्रवाळाची वीतभर लांब फांदी तुटून सावकाश खाली जात होती. तुटलेली जागा पांढरीशुभ्र, नुकत्या फोडलेल्या नारळाच्या खोबऱ्यासारखी. फांदीची टोकं फिकट जांभळट होती. टोकाला वाढ सर्वांत वेगाने चालू असते, तिथे अजून शैवाल फारसं पोचलेलं नसतं, म्हणून टोक फिकं. म्हणजे मी मोडलं ते वाढणारं टोक.

पाण्याखाली कुणाला "माफ करा" म्हणता येत नाही. मी दोन्ही हात छातीशी घट्ट धरून तशीच राहिले. इन्स्ट्रक्टर आला, पाहिलं, काही खूण केली नाही. तो तुकडा त्याने दोन बोटांत उचलला आणि जवळच्या मेलेल्या प्रवाळाच्या दोन उंचवट्यांमध्ये खोचून बसवला, हलणार नाही असा. मग मला पुढे चलण्याची खूण केली.

वर बोटीवर आल्यावर मी विचारलं, "जगेल का तो?"

"जगू शकतो," तो म्हणाला. "फांदीवाले प्रवाळ वादळात मोडतात आणि तुकडे रुजतातही. पण लोळत राहिला तर घासून मरतो. बसलेला राहिला पाहिजे." मग जरा थांबून, "तुमचे पाय खाली जातात. सगळं वजन कमरेला आहे."

स्टॅगहॉर्न वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वाढतो. वीतभर फांदी म्हणजे वर्षा-दोन वर्षांची वाढ. हा हिशोब करून मी स्वतःला समजावू शकले असते, पण त्याच रीफवर एका दिवसात किती जण उतरतात, महिन्यात किती, तो हिशोबही त्याच्याच शेजारी उभा राहतो. या देशात २००१ पासून प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. वाघ त्याच अनुसूचीत आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा पिशवीत घालून नेता येत नाही. आणि मी जिवंत फांदी मोडून बसले होते.

दुसऱ्या डाईव्हच्या आधी इन्स्ट्रक्टरने कमरेचं दोन किलो काढून सिलिंडरच्या पट्ट्यात, खांद्यांच्या मागे अडकवून दिलं. वजन वर सरकलं तसं अंग आपोआप आडवं राहायला लागलं. ती डाईव्ह मी मासे पाहिले नाहीत. वाळूवर एका जागी, गुडघे वाकवून, पावलं वर उचलून, हात बांधून राहायचं. बेडकासारखे पाय बाजूला मारायचे म्हणजे पाण्याचा झोत मागे जातो, खाली जात नाही आणि वाळू उडत नाही. उलटं, मागे पोहायचं. पंचेचाळीस मिनिटं एवढंच. भाची सगळा वेळ समोर राहून माझे पाय खाली आले की बोट दाखवत होती. तिने त्या दिवसाची तिची डाईव्ह यात घालवली आणि एका शब्दाने बोलली नाही.

चौथा दिवस

खूप लांबचा पल्ला. जॉनीज गॉर्जला बोटीने तासाभराहून जास्त लागतं आणि वर नुसतं निळं पाणी दिसतं, खाली काय आहे याची काही खूण नाही.

बोट चालवणारा कारेन होता. कारेन लोकांना इंग्रजांनी १९२५ च्या सुमाराला ब्रह्मदेशातून मध्य अंदमानात आणून वसवलं. या समुद्रात डाईव्हच्या बोटींवर ते पुष्कळ दिसतात. हा पन्नाशीचा गृहस्थ अख्ख्या प्रवासात चार वाक्यं बोलला असेल. साइटवर पोचल्यावर त्याने पाण्यात एक माडाचं पान टाकलं, ते कुठे आणि किती वेगाने जातंय ते पाहिलं, आणि बोट प्रवाहाच्या थोडी वरच्या अंगाला नेऊन उभी केली. आम्ही उतरलो ते बरोबर खडकावर.

दोर धरून खाली. २० मीटरच्या पुढे लाल रंग राहतच नाही, कारण पाणी तांबडा प्रकाश सगळ्यात आधी शोषून घेतं. करड्या दिसणाऱ्या समुद्रपंख्यावर, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या प्रवाळावर, टॉर्च टाकला आणि तो शेंदरी झाला. २८ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ चौपट. प्रत्येक श्वासात हवा तितकीच दाट जाते आणि सिलिंडरचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. त्या खोलीवर वीस मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. मिळाल्या तेवढ्यात पिवळ्या स्नॅपरचा थवा खडकावरून एखाद्या चादरीसारखा सरकला, वर बॅराकुडांचा संथ गोल फिरत होता, त्यातून ट्रेव्हॅली चार-चारच्या टोळीने झेपावत होते. वाळूवर एक व्हाइटटिप रीफ शार्क पडून होता. शार्कला श्वासासाठी सतत पोहावंच लागतं असं ऐकलेलं असतं. या जातीला लागत नाही. तोंडाची उघडझाप करून तो कल्ल्यांवरून पाणी नेतो आणि कपारीत निवांत पडतो. आमच्याकडे त्याने पाहिलं न पाहिलं, आणि आम्ही वर निघालो.

पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं हा दर डाईव्हचा शेवट. दोराशी मी हात न लावता थांबले. खोलीचा आकडा ४.९ आणि ५.२ च्या मध्ये राहिला. भाचीने तो माझ्या मनगटावर वाकून वाचला आणि टाळी दिली.

ही डाईव्ह कुणालाही सांगावी अशी. तरी रात्री डोळे मिटल्यावर मला शार्क आठवला नाही, दोन उंचवट्यांमध्ये खोचलेली फांदी आठवली.

पाचवा दिवस

शेवटचा. सकाळी लाइटहाउस साइट. इथे एका उथळ पट्ट्यावर मोडक्या फांद्यांचा खच आहे, जुना, शेवाळलेला, आणि त्याच्यावर जागोजागी तळहाताएवढे नवे प्रवाळ. अंदमानच्या समुद्राने १९९८ मध्ये, २०१० मध्ये आणि २०१६ मध्येही पाणी तापल्यावर काय होतं ते पाहिलं आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद अंश जास्त आणि तेही काही आठवडे टिकलं, एवढं पुरतं. प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतो. पारदर्शक कातडीखालून पांढरा चुना दिसायला लागतो. तो लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत थंड झालं तर शैवाल परत येतं, नाहीतर नाही. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या व्यापक ब्लीचिंगची, म्हणजे प्रवाळ असे पांढरे पडण्याची, घोषणा केली तेव्हा मी ती बातमी घाईत वाचून पुढे गेले होते. इथे त्या खचावर तरंगताना प्रत्येक नव्या वाटीएवढ्या प्रवाळापुढे थांबावंसं वाटलं. आम्ही ११ मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं, कारण पुढेही होते.

दुसऱ्या डाईव्हसाठी मी विचारलं, "परत अ‍ॅक्वेरियमला जाता येईल?" बोटीवरच्या इतरांना कासवं बघायची होती, तीही तिथे दिसतात, त्यामुळे सगळे कबूल झाले.

कपार सापडली. लायनफिश तिथेच होता. फांदीही होती, जिथे खोचली होती तिथेच. तपकिरी रंग गेलेला नव्हता, टोकं जांभळट होती. दोन दिवसांत याहून जास्त काही कळत नाही. मी हातभर अंतरावर थांबले, इन्स्ट्रक्टरकडे पाहिलं. त्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून ठीक आहे अशी खूण केली.

तिथून वाळूच्या उतारावर नऊ मीटरवर त्याने आम्हाला थांबवलं आणि वाळूतल्या एका भोकाकडे बोट दाखवलं. करंगळी जाईल एवढं भोक. तोंडाशी एक मासा, बोटभर लांब, वाळूच्याच रंगाचा, पुढचे पर टेकवून बसलेला. गोबी. आम्ही जवळ आलो आणि तो सुळकन आत.

थांबलो. वाळूच्या वर हातभर, आडव्या, पावलं वर. श्वास लहान नाही, लांब. घेतला की इंचभर वर, सोडला की इंचभर खाली. मिनिट गेलं, दोन गेली. भोकातून आधी दोन डोळे आले. मग अख्खा मासा. मग त्याच्या मागून एक कोळंबी, अंगावर पट्टे असलेली, दोन्ही नांग्यांवर वाळूचा ढीग घेऊन, माती ओढणाऱ्या यंत्रासारखी. ढीग बाहेर लोटला, आत गेली, पुन्हा आली. बाहेर असताना तिची एक लांब मिशी सतत माशाच्या अंगाला टेकलेली. तिला नीट दिसत नाही. बीळ खणायचं आणि नीट राखायचं तिने, पहारा द्यायचा त्याने. धोका दिसला की तो शेपटी झटकतो आणि मिशीवरून तिला कळतं.

मधेच माझ्या बुडबुड्यांनी की कशाने, शेपटी एकदा थरथरली. कोळंबी ढिगासकट जागच्या जागी थबकली. मासा आत गेला नाही. शेपटी स्थिर झाली. कोळंबी पुन्हा कामाला लागली. शिंपल्याचा एक तुकडा तिने भोकाच्या काठाशी आणून, फिरवून, टेकू द्यावा तसा बसवला.

सभोवार मोहरी तडतडत होतीच. तो आवाज पिस्तूल कोळंब्यांचा, एक नांगी इतक्या वेगाने मिटतात की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो. ही खणणारी त्यांच्याच कुळातली. पहिल्या डाईव्हपासून जिचं कुळ नुसतं ऐकत होतो ती समोर वाळू ओढत होती.

सव्वीस मिनिटं आम्ही तिथे होतो. भाचीने काटा दाखवला, सिलिंडरमधल्या हवेचा दाब ७० बार उरलेला. मी अंगठा वर केला, म्हणजे वर जाऊया, तिनेही केला. निघताना मी पाय मारला नाही, एक खोल श्वास घेतला आणि अंग उचलू दिलं. खाली मासा तसाच बसलेला होता.

बोटीवर बाकीच्यांची धांदल उडालेली. त्यांना दोन कासवं दिसली होती, एक तर हाताच्या अंतरावरून गेलं. कारेन काकांनी माझं सिलिंडर ओढून घेतलं आणि विचारलं, "आपने क्या देखा?"

मी अंगठा आणि तर्जनीत बोटभर अंतर धरून दाखवलं.

"झिंगा और मछली?" ते म्हणाले. "दोनों बाहर थे?"

"दोनों," भाची म्हणाली.

त्यांनी मान डोलावली, सिलिंडर फळीत अडकवलं आणि मग पहिल्यांदाच आमच्या शेजारी येऊन बसले.